सोलापुरात हेल्मेटचे ई-चलन, व्हर्जिनियात वेगाचे तिकीट: अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेशअर्जात सांगावे लागते का?

सोलापुरातील सात रस्ता चौकात हेल्मेट नसल्याने लागलेले आणि दंड भरून मिटलेले ई-चलन सहसा सांगावे लागत नाही. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील वेगाच्या तिकिटावर, म्हणजे तिकडच्या चलनावर, कोणते कलम लावले आहे, हे पाहिल्याशिवाय मात्र अर्जातील गुन्ह्याविषयीच्या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण करू नका. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 200 नुसार असे किरकोळ प्रकरण तडजोड शुल्क भरून न्यायालयाबाहेरच संपते, तर तिकडच्या अर्जांत सामान्यतः ‘फेलनी’ (गंभीर गुन्हा) किंवा ‘मिस्डिमीनर’ (तुलनेने कमी गंभीर गुन्हा) या वर्गांतील गुन्ह्यात दोषी ठरलात का, असे विचारलेले असते. साधी वेगमर्यादा ओलांडणे व्हर्जिनियात या दोन्हींत मोडत नाही. परंतु मर्यादेपेक्षा ताशी 20 मैल किंवा त्याहून अधिक, अथवा मर्यादा कोणतीही असली तरी 85 मैलांहून अधिक वेगाने वाहन चालवल्यास ते ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ (बेदरकारपणे वाहन चालवणे), म्हणजे ‘क्लास वन मिस्डिमीनर’ ठरते, ज्यासाठी कायद्यात 12 महिन्यांपर्यंतचा कारावास सांगितलेला आहे. अटक झाली नाही, फक्त एक कागद हातात पडला, म्हणून तो गुन्हा नव्हे, हा समज इथेच महागात पडतो. अर्थात एखादे महाविद्यालय आपल्या स्वतंत्र अर्जात अधिक व्यापक शब्दांत विचारू शकते आणि तेथे वाहतूक दंड वगळल्याचे लिहिलेले नसेल, तर तारीख, कलम आणि भरलेली रक्कम दोन ओळींत नोंदवावी. माफीनामा लिहू नये.