मामा दाराबाहेर बसले ती तारीख

"ताई, वकील नाही माझ्याकडं. जज्जसाहेबांपुढं मी काय बोलणार?" हा प्रश्न मला नवा नाही. पण शहराच्या पूर्व भागातल्या त्या विडी कामगार बाईनं तो विचारला, तेव्हा तिची एक तारीख वाया गेलेली होती.

पोटगीचा अर्ज तिनं स्वतःच दिलेला. पहिल्या तारखेला सोबत मामा. पुकारा झाला, ही गप्प उभी, आणि मामांनी सुरुवात केली, "साहेब, आमच्या पोरीला..." साहेबांनी विचारलं, "तुम्ही वकील आहात का?" मामा बाहेर. आत ही नुसती रडली.

"वकील पण नको म्हणतात, मामा पण नको म्हणतात!" मामा माझ्यावरच चिडले. चूक त्यांची नव्हती. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात कलम १३ आहे. त्यानुसार वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे तिथं एकटीनं उभं राहणं कमीपणाचं नाही, पण तिच्या वतीनं नातेवाइकानं बोलावं असाही अर्थ नाही. इंग्लंडात वकील नसलेल्या पक्षकाराच्या सोबत्याला मॅकेंझी फ्रेंड म्हणतात. १९७०च्या एका घटस्फोटाच्या दाव्यावरून ते नाव पडलं. तो शेजारी बसतो, टिपणं घेतो, हळूच कानात सांगतो. आपल्याकडं आत बसायचं तर साहेबांना विचारायचं.

मग आमच्या समुपदेशन केंद्रात तालीम केली. जज्ज मी. ती दर वेळी लग्नातल्या मानपानापासून सुरू करायची. मी थांबवायची, "तुला आज काय पाहिजे?" चौथ्या वेळी उत्तर आलं, "दोन पोरांच्या शाळेला नि घरभाड्याला पैसे."

खरी अडचण प्रतिज्ञापत्राला आली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, देणी लिहून द्यावी लागतात. ही म्हणाली, "विड्यांचे पैसे नको दाखवायला. पोटगी कमी होईल." इथं मी समुपदेशकाचा मऊपणा बाजूला ठेवला. उद्या नवऱ्यानं ते पैसे दाखवून दिले तर तिच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोण विश्वास ठेवणार? आणि बाई थोडंफार कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. खूप घासाघीस झाली. शेवटी विडी कारखान्याचं कार्ड पिशवीत गेलं.

दुसरी गोष्टही मी रेटून सांगितली. आमची सोबत उलटतपासणीला पुरत नाही. १९८७च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळू शकतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं त्याच दिवशी अर्ज दिला.

मामांना काम दिलं: पिशवी सांभाळायची. लग्नपत्रिका, पोरांचे जन्मदाखले, शाळेच्या पावत्या, पासबुक. वर एक वही.

वकील नेमला जाण्याआधीच पुढची तारीख आली. मामा दाराबाहेरच्या बाकड्यावर, पिशवी मांडीवर. ती आत दोन वाक्यं बोलली. नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र अजून आलं नव्हतं, त्याला मुदत मिळाली. बाहेर येऊन तिनं मामांना सगळं सांगितलं, ते लिहीत गेले.

"२५ नव्हं मामा," ती वहीत वाकून म्हणाली, "२६. नीट लिहा की."