सुरुवात ठिकरीपासून करा
मुलांना खेळांतून इंग्रजी शिकवायचं तर सगळे खेळ एकदम काढू नका, पहिला महिनाभर ठिकरीच पुरे. आखलेल्या घरांत आकड्यांऐवजी कॅट, मॅट, हॅट असे जुळणारे शब्द खडूने लिहा. ठिकरी ज्या घरात पडेल त्यातला शब्द मोठ्याने वाचायचा, मगच लंगडी घालायची. माझ्या वर्गात एक मुलगी तोंडच उघडायची नाही. ठिकरी रेषेवर पडली तेव्हा मात्र 'नो, नो, इन!' म्हणून तावातावाने भांडली. ते भांडण मी मुद्दामच लांबू दिलं. शब्द चुकला तर बाद करू नका, नाहीतर ज्याला सराव हवा तोच कडेला बसतो. महिन्यानंतर लपाछपी घ्या; तिच्यात राज्य घेणाऱ्याने वीसपर्यंत इंग्रजीत मोजायचं, हा सराव तर फुकटचाच. आणि हो, खेळाचे नियम मात्र मुलांच्या भाषेतच सांगा.