गेम सुरू केला की संगणक बंद पडतो

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला संगणक आहे. मुलाच्या आग्रहावरून दोन महिन्यांपूर्वी त्यात १७० वॉटचे ग्राफिक्स कार्ड बसवले. तेव्हापासून गेम सुरू करून दहा-पंधरा मिनिटे झाली की संगणक एकाएकी बंद होतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. एरवी मात्र दिवसभर व्यवस्थित चालतो. दुरुस्ती करणाऱ्यांनी दोनदा फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकले. आता कार्डच खराब आहे, दुसरे घ्या, असे ते म्हणतात. एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आलेला आहे आणि सगळे ६०० व्हीएच्या यूपीएसवर चालते. कार्ड बदलावे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : कृपया इतक्यात कार्ड बदलू नका. आपला संगणक कोणताही संदेश न दाखवता एकदम विझतो, आणि तोही फक्त गेम चालू असताना, ही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. विंडोज बिघडले असते तर बहुधा त्याने काहीतरी त्रुटी दाखवली असती. वीज तुटली किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले, तर मात्र त्याला तेवढाही अवधी मिळत नाही. दोनदा फॉरमॅट करूनही फरक पडला नाही, तो यामुळेच असावा.

तरीही आधी खात्री करून घ्यावी. विंडोजच्या प्रगत सिस्टम सेटिंगमधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागात ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढून टाका, म्हणजे निळा स्क्रीन क्षणभर येऊन जात असेल तर तो थांबून राहील आणि त्यावरचा कोड वाचता येईल. एवढे करूनही संगणक तसाच विझला, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजमधील घडामोडींच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडेल. ती पाहून अनेक जण लगेच एसएमपीएसला दोषी ठरवतात. परंतु मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते. कारण आपल्यालाच शोधावे लागते.

आता विजेचा हिशेब पाहू. गेम खेळताना कार्ड १७० वॉट, प्रोसेसर साधारण ८० वॉट आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे मिळून ४० वॉट घेतात असे धरले, तर २९० वॉट होतात. एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर एवढी वीज देण्यासाठी तो बाहेरून सुमारे ३६० वॉट ओढतो, आणि मॉनिटरचे २५ वॉट वेगळे. आपल्याकडे मिळणारे ६०० व्हीएचे यूपीएस बहुधा ३६० वॉटचेच असतात. म्हणजे व्होल्टेज खाली-वर होऊन यूपीएस क्षणभर जरी बॅटरीवर गेला, तरी त्याला हा भार पेलत नाही, आणि बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर मुळीच नाही. साध्या कामात हाच भार निम्म्याहून कमी असतो, म्हणून एरवी काही जाणवत नाही.

म्हणून पहिली चाचणी बिनखर्चाची आहे : यूपीएस बाजूला ठेवून, अर्थिंग व्यवस्थित असलेल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये संगणक थेट जोडा आणि अर्धा-पाऊण तास तोच गेम चालवा. संगणक बंद पडला नाही, तर दोष यूपीएसच्या क्षमतेचा आहे.

तरीही बंद पडला, तर एसएमपीएसकडे वळा. खोक्यावरचा ‘४५० वॉट’सारखा आकडा पाहू नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. समजा तिथे १८ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट झाले, आणि आपली गरज अडीचशेच्या वर आहे. शिवाय कार्डाची मागणी काही मिलिसेकंदांसाठी १७० वॉटच्या बरीच वर उसळू शकते. अशा क्षणी कमी क्षमतेचा एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. ही संरक्षण-व्यवस्था नसलेले स्वस्त एसएमपीएस कधी कधी जळताना मदरबोर्डही घेऊन जातात, म्हणून ही बाब पुढे ढकलू नये.

हा संशय पैसे न खर्चता पडताळता येतो. एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि गेममध्ये फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ६० वर बांधून ठेवा. गेम थोडा संथ वाटेल, पण संगणक बंद पडणे थांबले, तर कारण वीज किंवा उष्णता यांपैकीच आहे हे जवळजवळ निश्चित झाले. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये दर दोन सेकंदांची नोंद फाइलमध्ये साठवण्याची सोय आहे. लिमिट पुन्हा पूर्ववत करून, ही नोंद चालू ठेवून संगणक बंद पडेपर्यंत गेम चालवा आणि फाइलची शेवटची ओळ पाहा. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना टेकला असेल, तर धूळ, पंखा आणि हीटसिंकखालची थर्मल पेस्ट तपासावी लागेल. (धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.) तापमान सत्तरच्या आसपास असताना संगणक विझला असेल, तर उष्णतेचा प्रश्न बहुधा नाही.

एसएमपीएस बदलावा लागला, तर १२ व्होल्टवर जवळजवळ पूर्ण क्षमता देणारा चांगल्या प्रतीचा ५५० वॉटचा घ्यावा. कार्डाला वीज एसएमपीएसच्या स्वतःच्या ८ पिनच्या केबलनेच द्यावी. जुन्या ४ पिनच्या जोडणीवरून काढलेले कन्व्हर्टर तापतात, वितळतात. मॉड्युलर (केबल काढता-लावता येणारा) एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबल नव्याला मुळीच लावू नयेत, कारण पिनांची रचना निराळी असू शकते. एसएमपीएस घरी उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहतो. हे सारे करूनही संगणक बंद पडत राहिला, तर आपले कार्ड एखाद्या परिचिताच्या संगणकात बसवून पाहा आणि मगच कार्डाविषयी निर्णय घ्या. मुलालाही या चाचण्यांत सोबत घ्या. आकडे वाचायला त्याला नक्की आवडेल.

प्रश्न : गेम चालू असताना स्क्रीन काळा होतो, आवाज मात्र सुरू राहतो; काही सेकंदांनी डेस्कटॉप परत येतो आणि गेम बंद झालेला असतो. हाही विजेचाच दोष आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : संगणक विझत नाही, त्यामुळे आपल्या बाबतीत रोख ग्राफिक्सकडे आहे. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) बंद करून पुन्हा सुरू करते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची ‘डिस्प्ले ४१०१’ अशी नोंद होते. कार्ड ओव्हरक्लॉक केले (ठरलेल्याहून जास्त वेगाने चालवले) असेल तर ते मूळ वेगावर आणा. नंतर सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पूर्ण काढून, आधी नीट चाललेली आवृत्ती टाका. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात) दोन सेकंदांची मुदत वाढवण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. त्याने बिघाड फक्त उशिरा दिसतो, म्हणून मी तो सुचवत नाही.

प्रश्न : प्रत्येक वेळी निराळा गेम, निराळी त्रुटी. कधी निळा स्क्रीन, कधी नुसतेच बंद. काय समजावे? — एक वाचक, मडगाव

उत्तर : त्रुटी दर वेळी बदलत असेल, तर प्रथम रॅमवर संशय घ्यावा. बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधील) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सोय, बंद करून काही दिवस वापरून पाहा, आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. त्यात एक जरी चूक आढळली तरी रॅम नापास समजावी आणि प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे तपासावी. रॅम निर्दोष निघाली आणि प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा, ६५ वॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर बायोस अवश्य अद्ययावत करा. त्यांतील अनेक प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला, बायोसमधून अद्ययावत होणारा प्रोग्रॅम) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झालेली हानी मायक्रोकोडने भरून निघत नाही, त्यामुळे अद्ययावत केल्यानंतरही त्रास राहिला, तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून मागावा.