गोठ्यातून थेट मंत्रालयात

प्रश्न: आमच्याकडं सगळेच नेते भाषणात 'मी शेतकऱ्याचं पोरगं' म्हणतेत अन् हाताला शेण कधी लागलेलं नसतं, तिकडं जर्मनीत खरा शेतकरी कुणी कृषिमंत्री झालाय का? (एक वाचक, केज)

उत्तर: झालाय की, इग्नाझ कीखले. बव्हेरियात केम्प्टनजवळचा दुधाचा शेतकरी, १९६९ ला खासदार अन् १९८३ ते १९९३ कृषिमंत्री. पण गंमत बघा, तेव्हा युरोपात दूध इतकं झालं होतं की लोणी गोदामात पडून, मग १९८४ ला कोटा आला, ठरल्यापेक्षा जास्त दूध घातलं की दंड, अन् हे दूधवाल्यानंच दूधवाल्यांना समजावायचं! आपल्याकडं फॅट कमी लावली म्हणून डेअरीवर भांडणं, तिकडं कॅन जास्त भरला म्हणून. तो कोटा उठला थेट २०१५ ला.