हंगामभर जळणाऱ्या आगीविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेतील बिटररूटच्या डोंगरांत तुझी नेमणूक झाल्याचे वाचून फार आनंद झाला. तू विचारतेस की, वीज पडून लागलेली आग डोळ्यांसमोर जळत असताना ती विझवायची नाही, हे मनाला पटवायचे कसे. तू सह्याद्रीच्या कुशीत वाढलीस, म्हणून हा प्रश्न तुला अधिक बोचत असणार. आपल्याकडे वीज बहुधा वळवाच्या सरींबरोबर येते, वणवा मात्र माणसाच्याच हातून लागतो. त्यामुळे वेळेवर जाळरेषा (आग अडवण्यासाठी गवत जाळून मोकळे केलेले पट्टे) काढणे आणि धूर दिसताच हिरव्या फांद्या घेऊन धावणे हीच तेथील योग्य रीत आहे. माँटाना आणि आयडाहोच्या सीमेवरील डोंगरांत उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ढग गडगडतात, पण पाऊस पुष्कळदा जमिनीवर पोहोचण्याआधीच हवेत विरून जातो. वीज वाळक्या खोडात शिरते, ठिणगी कित्येक दिवस आत धुमसत राहते आणि वारा सुटला की उठते. तेथील अरण्य अशा आगींच्या संगतीनेच घडलेले आहे. पाँडेरोसा पाइनची जाड साल जमिनीलगतच्या आगीत झाडाला जगवते, आणि लॉजपोल पाइनची राळेने मिटलेली कित्येक शंकूफळे मोठी उष्णता लागल्यावरच उघडून बी सांडतात.

हे अमेरिकेच्या वनसेवेलाही उशिराच उमगले. १९१० च्या ऑगस्टमध्ये अवघ्या दोन दिवसांत याच मुलखातील सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले आणि आग विझवणारी कित्येक माणसे त्यात गेली. त्या धास्तीतून पुढे १९३५ मध्ये नियम आला की, आज लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे. १९७२ मध्ये सेल्वे-बिटररूट अरण्यातील व्हाइट कॅप ओढ्याच्या खोऱ्यात हा नियम प्रथम बाजूला ठेवला गेला. तिथली पहिली आग एखाद्या खोलीएवढी जागा जाळून आपोआप विझली. पुढच्या वर्षीची फिट्झ क्रीकची आग मात्र बाराशे एकरांवर पसरली. तिचा जो भाग ठरलेल्या हद्दीबाहेर गेला तो विझवला आणि आतील भाग जळू दिला. एकाच आगीच्या दोन कडांबाबत दोन वेगळे निर्णय घेता येतात, ही गोष्ट मला स्वतःला समजायला फार वर्षे लागली. तू ती पहिल्या दिवसापासून लक्षात ठेव.

आग जळू देणे म्हणजे तिच्याकडे पाठ फिरवणे, असा समज लोकांत आहे आणि कधीकधी कार्यालयांतही असतो. वस्तुतः विझवलेली आग चार दिवसांत संपते. जळू दिलेल्या आगीसोबत मात्र बर्फ पडेपर्यंत राहावे लागते आणि काल घेतलेला निर्णय आज सकाळी पुन्हा नव्याने घ्यावा लागतो. म्हणून आगीचा आजचा आकार पाहून समाधान मानू नकोस. हंगाम संपवणारा पाऊस किंवा बर्फ या खोऱ्यात साधारण कोणत्या आठवड्यात येतो, हे जुन्या नोंदींवरून काढ आणि आजपासून तेथवर किती दिवस उरले आहेत ते मोज. जुलैच्या आरंभी लागलेली पाच एकरांची आग ही सप्टेंबरच्या मध्यावर लागलेल्या पाचशे एकरांच्या आगीपेक्षा मला नेहमीच अधिक भयावह वाटत आली आहे. गवत तासाभरात वाळते आणि तासाभरात ओलावते, परंतु तीन ते आठ इंच जाडीच्या ओंडक्यांना वाळायला आठवडेच्या आठवडे लागतात. ते एकदा पुरते वाळले की एका सरीने काही साधत नाही.

१९८८ ची कॅनियन क्रीकची आग या दृष्टीने अभ्यासून पाहा. माँटानातील स्केपगोट अरण्यात २५ जूनला वीज पडली, आग दुर्गम भागात होती आणि ती जळू देण्याचा निर्णय झाला. त्यानंतर दुष्काळी उन्हाळा लांबत गेला आणि ६ सप्टेंबरच्या रात्री उंचावरचा प्रचंड वारा खाली उतरला. त्या एका धावेत लाखाहून अधिक एकर जळाले, आग डोंगर ओलांडून ऑगस्टा गावाकडच्या खासगी कुरणांवर उतरली आणि अखेरीस तिचा विस्तार सुमारे अडीच लाख एकरांवर गेला. या घटनेचा अर्थ जूनमध्येच आग विझवायला हवी होती एवढाच लावणारे पुष्कळ आहेत. मला ते अपुरे वाटते. माझ्या मते प्रत्येक आठवड्याला विचारण्याचा खरा प्रश्न असा आहे की, या खोऱ्यावर वाहू शकणारा सर्वांत वाईट वारा उद्या सुटला, तर आग कोठवर जाईल आणि तिच्या वाटेत कोण राहते. त्या उत्तरावरून नकाशावर रेषा ठरव, आणि आग तेथे पोहोचली तर काय करायचे हे ती पोहोचण्यापूर्वीच लिहून ठेव.

माणसे आत पाठवण्याच्या प्रश्नावर मी कठोर आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी माँटानातील मॅन गल्च या दरीत विजेनेच लागलेल्या आगीने तीव्र उताराच्या गवतात ती विझवायला गेलेल्या तेरा जणांना गाठले आणि ते सारे त्यात गेले. उभी वाळलेली झाडे तर वारा नसतानाही, आवाज न करता कोसळतात, आणि जखमी माणसाला अशा दरीतून रुग्णालयापर्यंत नेण्यात कितीतरी तास जातात. टेहळणी, संपर्क, सुटकेच्या वाटा आणि सुरक्षित जागा या चारही गोष्टी पक्क्या नसतील, तर कोणाही वरिष्ठाच्या आग्रहापुढे नमू नकोस. पुष्कळदा जुना टेहळणी मनोरा चकाकत्या अग्निरोधक कापडात गुंडाळणे, लाकडी पुलाभोवतीचा पाचोळा काढून पाण्याचे फवारे लावणे आणि पायवाटा बंद करून गिर्यारोहकांना बाहेर काढणे एवढेच काम योग्य असते.

खोऱ्यातील गावांना विसरू नकोस. रात्री धूर थंड हवेबरोबर खाली उतरतो आणि सकाळी उशिरापर्यंत घरांवर साचून राहतो. दम्याच्या रुग्णांना आणि म्हाताऱ्या माणसांना तो आठवडेच्या आठवडे सोसावा लागतो. त्यांना आग लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात भेट, धूर किती दिवस राहील याचा तुझा अंदाज स्पष्ट सांग, आणि तो अंदाज बदलला की पुन्हा जाऊन सांग. आमच्या एका हंगामात आम्ही हे केले नाही. त्या गावाने पुढे अनेक वर्षे आमच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

पहिले वादळ येण्याआधी एक काम पूर्ण कर. गेल्या पन्नास वर्षांत तुझ्या भागात जळालेल्या प्रत्येक जागेची हद्द आणि वर्ष एकाच नकाशावर उतरव. नवी आग अलीकडच्या जळालेल्या पट्ट्यात शिरली की बहुधा मंदावते किंवा थांबते, पण पट्टा जुना होऊन त्यात कोवळी झाडे आणि पडलेले ओंडके दाटले की तो भरवशाचा राहत नाही. कोणता पट्टा अजून आग अडवील हे कागदावरून कळत नाही. म्हणून जूनमध्ये वाटा उघडल्या की त्यांतील निदान चार-पाच पट्टे स्वतः चालून पाहा आणि तुझ्या नोंदी मला पाठव.

तुझा स्नेहांकित,
सर