रेपो दर वाढला तर भाजीच्या गाडीवाल्याला काय फरक पडतो?

थेट फारसा नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 दरम्यान रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या व्याजाने ती बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज देते तो) 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. घरकर्जाचे हप्ते लगेच वाढले. गाडीवाला मात्र सावकाराकडून किंवा भिशीतून पैसे उचलतो, आणि सावकाराचं व्याज रेपो बघून ठरत नाही. म्हणूनच असंघटित रोजगार जास्त असलेल्या देशांत महागाईविरुद्धचं व्याजदराचं हत्यार थोडं बोथट पडतं.

फटका बसतो तो आडवाटेने. कर्ज महागलं की बांधकामं मंदावतात, नाक्यावरच्या मजुराचे खाडे वाढतात. त्याची नोकरी जात नाही (मुळात होती कुठे?), कमाई घटते. बेरोजगारीच्या आकड्यात हे नीट दिसतही नाही. शिवाय टोमॅटो पावसाने महागला, तर रेपो काय करणार?