यूकेला बीआयएम को-ऑर्डिनेटर म्हणून यायचं म्हणतोस, तर हे वाच

भावा, तुझा प्रश्न वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही, त्याचं कारण शेवटी सांगतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात सहा वर्षं काढलीस, रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) चांगलं येतं, नेव्हिसवर्क्स (सगळ्यांची मॉडेल एकत्र करून क्लॅश, म्हणजे एकमेकांना आपटणारे भाग, शोधायचं) जेमतेम. मँचेस्टरच्या कंपनीची बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) को-ऑर्डिनेटरची, म्हणजे सगळ्यांची मॉडेल जुळवणाऱ्याची, ऑफर आहे, सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी. 'दादा, तिकडं काम नक्की कसं चालतं आणि येण्याआधी काय शिकून येऊ?' एवढंच विचारलंयस. व्हिसाचे पॉइंट, पगाराची अट, हेल्थ सरचार्ज हे सरकारी साइटवर आहे आणि सारखं बदलतं. ते तिथंच वाच.

आधी ऑफर लेटर परत उघड आणि कंपनी कुठल्या बाजूची आहे ते बघ. डिझाइन कन्सल्टंट, मुख्य कॉन्ट्रॅक्टर की एमईपीचा (एसी, वीज, प्लंबिंग) सबकॉन्ट्रॅक्टर? पदाचं नाव तिन्हीकडं एकच, काम तीन तऱ्हेचं. इथं आरआयबीएच्या (ब्रिटिश आर्किटेक्टांची संस्था) २०२० च्या प्लॅन ऑफ वर्कप्रमाणं ० ते ७ असे टप्पे असतात. तिसऱ्याचं नावच स्पेशियल को-ऑर्डिनेशन, म्हणजे कुठला डक्ट (हवेची नळी) कुठल्या जागेतून जाणार ते तिथंच मिटलं पाहिजे. चौथ्यात तांत्रिक डिझाइन, पाचव्यात बांधकाम. कन्सल्टंटकडं असशील तर तुझा जीव तिसऱ्या-चौथ्यात अडकणार. सबकॉन्ट्रॅक्टरकडं असशील तर दुसऱ्यानं 'को-ऑर्डिनेटेड' म्हणून दिलेलं मॉडेल हँगर, फ्लँज, इन्सुलेशनसकट पुन्हा उभं करण्यात दिवस जाणार. आत्ताच मेल करून विचार, की डिझाइन रिस्पॉन्सिबिलिटी मॅट्रिक्समध्ये (कुठलं डिझाइन कुणी करायचं त्या तक्त्यात) आपल्या नावापुढं काय काय येतं. असं विचारलं म्हणून कुणी ऑफर मागं घेत नाही.

आपल्याकडं को-ऑर्डिनेशन कसं होतं ते तुला मी काय सांगू. आरसीसी कन्सल्टंटची डीडब्ल्यूजी, म्हणजे ड्रॉइंगची फाइल, व्हॉट्सॲपवर येते, प्लंबिंगवाल्याला फोन जातो, स्लॅबच्या आदल्या दिवशी सेंट्रिंगवर उभं राहून स्लीव्ह (पाइपसाठी मोकळ्या जागा) कुठं सोडायच्या त्याच्या खडूनं खुणा होतात. राहिलंच काही तर झालेल्या स्लॅबला भोक पाडणारा कोअर कटिंगवाला आहेच. माणसं एकमेकांना ओळखतात म्हणून हे निभतं. इथं स्टीलचा बीम फॅक्टरीतून भोकं पाडूनच येतो. साइटवर त्याला नवं भोक पाडायचं म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनियरनं परत हिशेब करायचा, वेब (बीमची मधली उभी पट्टी) मजबूत करायची, आणि तोवर थांबलेल्या माणसांचं बिल कुणी भरायचं यावर पत्रापत्री. म्हणून सगळा जीव कागदावर. तोंडी ठरलेलं ठरलं असं कुणी धरतच नाही.

हा कागद आयएसओ १९६५० या मानकाप्रमाणं चालतो. पहिले दोन भाग २०१८ चे. त्याआधी ब्रिटिशांचं स्वतःचं पास ११९२ होतं, जुन्या लोकांच्या तोंडात अजून तेच येतं. पाठांतराच्या भानगडीत पडू नकोस, चार कप्पे समजून घे: वर्क इन प्रोग्रेस, शेअर्ड, पब्लिश्ड, आर्काइव्ह. फाइल कप्पा बदलते ती कुणीतरी तपासून सही केल्यावरच. शिवाय तिच्यावर शिक्का असतो. एस१ म्हणजे बाकीच्यांनी आपलं मॉडेल जुळवून बघण्यापुरतं, एस२ माहितीसाठी, एस३ तपासून शेरे देण्यासाठी. पी०१, पी०२ ही प्राथमिक रिव्हिजन, सी०१ आलं की ते करारातलं. एस२ चं ड्रॉइंग बघून कुणी माल मागवला तर ती त्याची चूक धरली जाते. नवीन आलेली आपली पोरं इथंच मार खातात. वरिष्ठानं 'जरा पाठव' म्हटलं की चालू फाइल मेलला जोडून मोकळी होतात. पाठवू नकोस. शेअर्डमध्ये टाक, शिक्का मार, मग लिंक दे.

गंमत म्हणजे हे कोल्हापूरला नवीन नाही. शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत नाहीतर गोकुळ शिरगावच्या मशिन शॉपमध्ये जाऊन बघ. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की जुनी प्रत शॉपवरून काढून घेतात, आणि रिव्हिजन नंबर जुळल्याशिवाय कास्टिंग मशिनवर चढत नाही. बाहेरच्या गिऱ्हाईकानं तशी सवय लावली. इमारतीला ती लावणारं गिऱ्हाईक आपल्याकडं अजून भेटायचंय.

आता हाताचं काम. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक अगदी क्षुल्लक असते: मॉडेल एकमेकांवर बसत नाहीत. आर्किटेक्टनं साइटच्या फाइलवरून शेअर्ड को-ऑर्डिनेट्स (सगळ्यांनी मापं मोजायची एकच जागा) घेतलेले असतात, बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायचे. मग कुणीतरी ते मध्येच बदलतो. नाहीतर रेव्हिटमधून नेव्हिसवर्क्ससाठी एनडब्ल्यूसी फाइल काढताना को-ऑर्डिनेट्सच्या खान्यात 'शेअर्ड'ऐवजी 'प्रोजेक्ट इंटर्नल' राहतं आणि सगळी प्लंबिंग शेजारच्या शेतात जाऊन पडते. उपाय साधा. डिझाइन सुरू व्हायच्या आधी फक्त ग्रिड आणि लेव्हलची एक फाइल सगळ्यांना लिंक करायला लाव, ग्रिड ए आणि १ च्या छेदावर प्रत्येकाला एक मीटरचा ठोकळा ठेवायला सांग, आणि रिकामी मॉडेल मागव. सगळे ठोकळे एकात एक बसले की मगच पुढं. त्याच एक्सपोर्टमध्ये लिंक फाइल्स कन्व्हर्ट करायची खूण काढून टाक, नाहीतर आर्किटेक्टच्या भिंती त्याच्या फाइलमधूनही येतात आणि एमईपीच्या फाइलमधूनही, आणि क्लॅशचा आकडा बघून मॅनेजरला घाम फुटतो.

फाइलच्या नावात तारीख किंवा रिव्हिजन घालायची सवय मोड. 'जीएफसी रिव्हाइज्ड लेटेस्ट २' हे आपलं घराणं इथं चालत नाही, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. सगळी मॉडेल जिथं जोडतात ती नेव्हिसवर्क्सची एनडब्ल्यूएफ फाइल मॉडेल पोटात घेत नाही, नुसती त्याच्याकडं बोट दाखवते. दर आठवड्याला त्याच नावाचं मॉडेल त्याच जागी आलं तरच क्लॅशची जुनी नोंद टिकते: कुठला न्यू, कुठला ॲक्टिव्ह, कुठला रिव्ह्यूड, कुठला ॲप्रूव्ह्ड, कुठला रिझॉल्व्ह्ड. नाव बदललं की पहिल्यापासून सुरू. मॉडेलरलाही बजाव, की डक्ट सरकव, पुसून नवा काढू नकोस. पुसला की त्याचा आयडी बदलतो, जुना क्लॅश सुटला म्हणून दाखवतो आणि तोच नव्यानं यादीत येऊन बसतो. दर बुधवारी तीच भांडणं.

क्लॅश चालवायचा क्रम असा ठेव. आधी आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चर. मग स्ट्रक्चर आणि उतारावर चालणारी ड्रेनेज लाइन. मग मोठे डक्ट, मग दाबाचे पाइप, शेवटी केबल ट्रे. ज्याला वळायला जमत नाही त्याचा मान पहिला. ड्रेनेजला १:८० उतार दिला तर १२ मीटरला १५० मिमी खाली जातं, १:४० ला ३००. ट्रेला काय, कुठूनही वाकवा. सुरुवातीला टॉलरन्स (किती मिमीपर्यंतची टक्कर सोडून द्यायची ते) शून्य ठेवू नकोस, २५ मिमीपासून खाली ये. एक डक्ट चाळीस सीलिंग हँगरना आपटत असेल तर तो एक मुद्दा, चाळीस नव्हे. गट करून एका माणसाच्या नावावर एका तारखेसह टाक. हजारभर ओळींचा एचटीएमएल रिपोर्ट कुणी उघडत नाही. बीसीएफनं (असे मुद्दे पाठवायचा फाइलचा प्रकार) मुद्दा पाठवला की समोरचा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट त्याच जागी जाऊन उभा राहतो.

पण खरी चूक क्लॅशमध्ये दिसतच नाही, ती वहीत दिसते. हा हिशेब एकदा स्वतः मांडून बघ. स्लॅबच्या तळापासून फॉल्स सीलिंगपर्यंत ९०० मिमी. त्यात ५३३ गुणिले २१० चा, मीटरला ८२ किलोचा बीम, त्याची खरी खोली ५२८. राहिले ३७२. आगीपासून बचावाचा बोर्ड २०, सीलिंगची फ्रेम आणि दिवा मिळून १२०, म्हणजे हातात २३२. आणि मेकॅनिकलवाल्याचा डक्ट ६०० रुंद, ४०० उंच, वर-खाली २५-२५ इन्सुलेशन, एकूण ४५०. तो चपटा करायचा म्हटलं तर १७५ उंचीला जवळजवळ १४०० रुंदी लागते, म्हणजे एकास आठ. एकास चारच्या पुढं गेलं की दाब आणि आवाज दोन्ही वाढतात. मग बीमच्या पोटातून जाणं आलं, आणि ते स्ट्रक्चरलवाल्याला तिसऱ्या टप्प्यात कळलं पाहिजे. मॉडेलमध्ये कितीतरी वेळा इन्सुलेशन काढलेलंच नसतं, बोर्ड नसतो, व्हॉल्व्हपर्यंत हात जायची जागा नसते. क्लॅश रिपोर्ट शून्य आणि साइटवर बोंब. फायर डॅम्परपुढची (आग लागली की डक्ट बंद करणारी झडप) ॲक्सेसची जागा ठोकळा म्हणून मॉडेल करायला लाव, म्हणजे तिच्यात पाइप शिरला की सॉफ्टवेअरच ओरडेल.

बैठकीचं चक्र मोजकं ठेव: सोमवारी दुपारपर्यंत मॉडेल, मंगळवारी तू एकत्र करून गाळायचं, बुधवारी तासाभराची बैठक, तीत वीसच मुद्दे. बाकीचे दोघांदोघांत मिटवायला लाव.

एक गोष्ट जुन्या लेखांत सापडणार नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत २०१७ मध्ये ७२ माणसं गेली, त्यानंतर २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट आला. इंग्लंडमध्ये १८ मीटर किंवा सात मजल्यांपासून वरच्या राहत्या इमारतींना, आणि तेवढ्याच उंचीच्या हॉस्पिटलांनाही, बांधकाम सुरू करण्याआधी 'गेटवे टू' नावाची सरकारी मंजुरी लागते. मंजुरीनंतर मोठा बदल करायचा तर पुन्हा परवानगी. म्हणजे 'साइटवर बघून घेऊ' ही वाट कायद्यानंच बंद झाली. भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक पाइपची जागा, तिचं फायर सीलिंग, डॅम्परचा तपशील आधीच लागतो. हे काम ज्याला येतं त्याला मागणी आहे, म्हणून तुला ऑफर आली.

कागदपत्रांचं थोडक्यात. तुझ्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. बायकोच्या डिग्रीवर वडिलांचं नाव, पासपोर्टवर तुझं. याचं ॲफिडेव्हिट तिथंच करून घे, इंग्रजीत. माझ्या वेळी एका कार्यालयानं मधल्या नावातल्या एका 'ए'साठी सात आठवडे लावले आणि शेवटी आधीचाच कागद चालला. अजून डोकं फिरतं. मुलीचा जन्मदाखला इंग्रजीतही असलेला काढ. इथं आल्यावर बँकेला पत्ता लागतो, घरमालकाला बँक लागते, शाळेच्या अर्जाला दोन्ही लागतं. पहिल्या महिन्याचं राहणं कंपनीकडून लेखी घे.

शाळेचं तू नीट विचारलं नाहीस, पण सांगतो. ३१ ऑगस्टला मूल किती वर्षांचं यावरून इयत्ता ठरते. सात पूर्ण असेल तर इयर थ्री. तिची दुसरी झाली का, दाखला आणला का, कुणी विचारत नाही. वर्षाच्या मध्ये आलात तर काउन्सिल जिथं जागा आहे तिथं टाकतं. घराजवळची शाळा मिळेलच असं नाही, प्रतीक्षा यादीत नाव ठेव आणि दर पंधरवड्याला विचार. आणि शाळेनं 'घरी इंग्रजीच बोला, लवकर शिकेल' असं सांगितलं तर मान हलव आणि ऐकू नकोस. आम्ही ऐकलं. इंग्रजी आमच्या मुलीला सहा महिन्यांत आलंच असतं. आता आजीनं फोनवर 'काय करालीस बाळा?' म्हटलं की ती माझ्याकडं बघते, मी भाषांतर करतो, ती 'फाइन' म्हणते आणि फोन माझ्या हातात देते.

एकटेपणा असतो. डिसेंबरात दुपारी चारला दिवे लागतात. जाड बूट आण.

निघायला तीन महिने आहेत म्हणतोस, तर एक कर. ऑफिसातली झालेली एखादी पाच मजली इमारत घे, साहेबांना विचारून. आर्किटेक्चर, आरसीसी, एमईपी अशा तीन वेगळ्या फाइल्स कर, ठोकळ्याची चाचणी घे, एक फाइल मुद्दाम चुकीच्या को-ऑर्डिनेट्सनं काढून ती कुठं जाऊन पडते ते बघ. सहा आठवडे सोमवार-मंगळवार-बुधवार चालव. एमईपीची फाइल खऱ्या प्लंबिंगवाल्याजवळ बसून कर, आणि बुधवारच्या बैठकीला खऱ्या आरसीसी कन्सल्टंटना बोलव. त्यांना वीस मुद्दे दाखव आणि विचार, की स्लॅबच्या आधी हे मिळालं असतं तर कोअर कटिंगचे किती पैसे वाचले असते आणि त्यातले किती ते याच कामासाठी द्यायला तयार झाले असते.

परत येऊन कोल्हापुरात हे सुरू करता येईल का, हे तू विचारलं नाहीस. मी मात्र दोन दिवस तेवढाच आकडा मांडत बसलोय. मॉडेल एनडब्ल्यूडी (सगळं पोटात घेणारी नेव्हिसवर्क्सची फाइल) करून पाठव, बघून देतो. आरसीसीवाले काय म्हणाले तेही कळव.